कोळशाचा वीज प्रकल्प कसा उभा करतात: आधी पाणी, रेल्वे आणि राख, बॉयलर नंतर

इंजिनीअरिंग किंवा डिप्लोमा करून पहिल्यांदा पॉवर प्लांटच्या साइटवर जॉइन होणारी पोरं आणि ज्यांच्या गावाशेजारी असा प्रकल्प येतोय ते लोक, दोघांसाठी मिळून हे लिहितोय. पोरांना बॉयलर-टर्बाइन दिसतं, गावाला चिमणी आणि राख दिसते, पण प्रकल्प कुठल्या क्रमाने उभा राहतो, कुठे अडकतो आणि कुठला निर्णय नंतर बदलता येत नाही हे फार कमी जण सांगतात. माझं स्पष्ट मत आहे की मशिनरी पैसे मोजले की मिळते, प्रकल्पाचं भवितव्य मात्र पहिल्या दोन वर्षांतल्या कागदांवर ठरतं, म्हणून त्या कागदांबद्दल जास्त बोलणार आहे.

उदाहरण म्हणून ६६० मेगावॅटचे दोन संच (एक संच म्हणजे बॉयलर-टर्बाइनची एक जोडी) धरू, म्हणजे १,३२० मेगावॅट. कोराडीला, मौद्याला, सोलापूरला ६६० चे संच आहेत, तिरोड्याला तर असे पाच आहेत, त्यामुळे हा आकडा आपल्याकडच्या लोकांना ओळखीचा आहे.

सगळ्यात आधी वही घेऊन गुणाकार करा

कन्सल्टंटचा जाडजूड रिपोर्ट यायच्या आधी हा हिशोब स्वतः करून बघा. आपल्या देशी कोळशाची उष्णता किलोमागे साधारण साडेतीन हजार किलोकॅलरीच्या आसपास असते, त्यामुळे एक युनिट वीज करायला सहाशे ते साडेसहाशे ग्रॅम कोळसा लागतो. दोन्ही संच पूर्ण लोडवर चालले तर तासाला १३ लाख २० हजार युनिट, म्हणजे सुमारे आठशे-सव्वाआठशे टन कोळसा तासाला, आणि दिवसाला वीस हजार टनांच्या जवळपास. मालगाडीच्या एका रेकमध्ये साधारण चार हजार टन येतो म्हणजे रोज पाच रेक, रविवारी पण आणि दिवाळीत पण. देशी कोळशात राख ३५-४० टक्के, म्हणजे रोज सात-आठ हजार टन राख आणि ती कुठेतरी जायलाच पाहिजे. संच वर्षभर पूर्ण लोडवर चालत नाही, सरासरी यापेक्षा कमी येते, पण डिझाइन करताना सगळ्यात वाईट दिवस धरूनच करायचं असतं.

आता पाणी. १ जानेवारी २०१७ नंतरच्या प्लांटला प्रति मेगावॅट-तास ३ घनमीटरची मर्यादा आहे. १,३२० गुणिले २४ गुणिले ३ केलं की रोजचे सुमारे साडेनऊ कोटी लिटर होतात, आणि ८५ टक्के लोड धरला तरी वर्षाला साधारण एक टीएमसी. हा आकडा धरणाच्या साठ्याशेजारी लिहून ठेवा आणि मग तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारा की दुष्काळात त्या धरणात किती पाणी उरतं.

पाणी

परळीचं उदाहरण मी प्रत्येक नवीन पोराला सांगतो. मराठवाड्यात दुष्काळ पडला, खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी उरलं नाही आणि २०१३ च्या फेब्रुवारीत परळीचं केंद्र बंद करावं लागलं, २०१५ ला परत तीच वेळ आली. मशिनरी ठीक होती, माणसं होती, कोळसा पण आणता आला असता, पाणीच नव्हतं आणि ज्या भागात प्यायला टँकर चालू आहेत तिथे प्लांटला पाणी मागणार तरी कोणत्या तोंडाने. म्हणून पाण्याचं आरक्षण जलसंपदा विभागाकडून मिळालं एवढ्यावर समाधान मानू नका, आरक्षण हा कागद आहे. निदान तीस-चाळीस वर्षांचे साठ्याचे आकडे मागवा, सलग दोन वर्षं पाऊस कमी झाला तर काय होतं ते काढा, आणि त्या पाण्यावर सिंचनाचा हक्क कोणाचा आहे ते आधी बघा. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या प्रकल्पाला अप्पर वर्धाचं पाणी दिलं तेव्हा सिंचनाचं पाणी उद्योगाला का म्हणून मोठं आंदोलन उभं राहिलं होतं, आणि शेतकऱ्यांचा तो प्रश्न योग्यच होता.

पर्याय आहेत. कोराडीला नागपूर शहराचं सांडपाणी भांडेवाडीत प्रक्रिया करून दिलं जातं, तिथल्या प्रक्रिया केंद्राची क्षमता रोज १३ कोटी लिटरची आहे. २०१६ च्या टॅरिफ पॉलिसीत पण आहे की सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्राने ते पाणी वापरायला पाहिजे. शहराजवळ साइट असेल तर माझ्या मते ही पहिली निवड असायला हवी, कारण शहर आहे तोवर सांडपाणी आहे, दुष्काळात पण. खर्च पाइपलाइनचा आणि प्रक्रियेचा येतो, तो करावा. किनाऱ्यावर समुद्राचं पाणी कूलिंगला चालतं, जयगडला तसंच आहे, पण मग कोळसा पण जहाजाने बाहेरून येतो आणि गणित सगळं वेगळं होतं.

कोळसा आणि तो आणणारा रूळ

कोळसा कुठून येणार हे दोन वेगळे प्रश्न आहेत, मिळणार का आणि पोचणार का. मिळण्यासाठी लिंकेज म्हणजे कोळशाचं सरकारी वाटप लागतं, २०१७ पासून ते शक्ती नावाच्या धोरणाखाली मिळतं आणि २०२५ मध्ये त्याचे नियम बदलून सोपे केलेत. लिंकेज मिळालं की कोल इंडियाच्या उपकंपनीशी पुरवठ्याचा करार होतो, आपल्याकडे बहुतेक वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स), महानदी कोलफील्ड्स किंवा साउथ ईस्टर्न. महाजनकोने म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने छत्तीसगडमधली गारे पेलमा सेक्टर-२ ही खाण स्वतःसाठी घेतली आहे, तोही एक मार्ग. कोळशाची क्वालिटी मात्र करारातल्या ग्रेडवर जाऊन ठरवू नका, त्या खाणीतून गेली काही वर्षं प्रत्यक्षात काय निघतंय त्याचे नमुने तपासा, कारण बॉयलरची भट्टी किती मोठी, कोळसा दळायच्या मिल किती, ईएसपी म्हणजे धुरातली राख पकडणारं यंत्र केवढं, राखेचा तलाव केवढा, हे सगळं त्या नमुन्यावरून ठरतं आणि एकदा ऑर्डर गेली की बदलत नाही.

रुळाचं सांगायचं तर सिन्नर बघा. नाशिक जिल्ह्यात गुळवंचजवळ २७० मेगावॅटचे पाच संच, एकूण १,३५० मेगावॅट, चिमण्या उभ्या, बॉयलर उभे, आणि वर्षानुवर्षं प्रकल्प बंद, कारण वीज विकत घ्यायचा करार नाही आणि कोळशाची रेल्वेलाइन पण जमिनीच्या वादात अडकलेली, शेवटी प्रकरण दिवाळखोरीच्या कोर्टात गेलं. एवढी माणसं राबली, एवढ्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि हजारो कोटी तसेच पडून राहिले, हे बघून मला खरंच त्रास होतो. तेव्हा रेल्वे साइडिंगचं, म्हणजे प्लांटपर्यंतच्या वेगळ्या रुळाचं, काम मेन प्लांटच्या आधी चालू करा, मागून नाही. रेल्वेची तत्त्वतः मंजुरी, सर्व्हे, मग डीपीआर म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, मग जमीन, यात वर्षं जातात. वॅगन उलटी करून रिकामी करणारा टिपलर लावणार की खालून उघडणाऱ्या वॅगनसाठी रुळाखालचा ट्रॅक हॉपर, ते पण इथेच ठरवायचं कारण यार्डाची लांबी आणि वळण त्यावर अवलंबून आहे. रेक ठरलेल्या वेळेत रिकामी झाली नाही तर रेल्वे डेमरेज म्हणजे उशिराचा दंड लावते आणि पाच रेक रोज म्हणजे एक टिपलर बिघडला की मागे रांग लागते, म्हणून टिपलरमध्ये कंजुषी करू नका.

जमीन, आणि जनसुनावणीला जायच्या आधी

२०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खाजगी कंपनीसाठी सरकार जमीन घेणार असेल तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, सरकारी-खाजगी भागीदारीत ७० टक्के. आधी सामाजिक परिणामाचा अभ्यास, मग कलम ११ ची अधिसूचना, संयुक्त मोजणी, कलम १९, मग कलम २३ चा निवाडा. बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. शेतकऱ्यांना मी हे सांगेन की मोजणीच्या दिवशी स्वतः हजर रहा, विहीर, बोअर, पाइपलाइन, गोठा, झाडं सगळं पंचनाम्यात लिहून घ्या, फळझाड असेल तर वय पण लिहायला लावा, आणि सातबाऱ्यावर बहिणींची नावं, जुन्या वाटण्या, पीक-पाहणी आधीच सरळ करून ठेवा, कारण निवाड्याच्या वेळी घरातलाच वाद निघाला तर पैसे प्राधिकरणात जमा होऊन अडकतात. प्रकल्पवाल्यांना हे सांगेन की राख तलावाची आणि पाइपलाइनची जमीन ताब्यात आल्याशिवाय मेन प्लांटचं नारळ फोडू नका.

पर्यावरण मंजुरी १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेखाली होते. कोळशाचा ५०० मेगावॅट आणि वरचा प्रकल्प थेट दिल्लीला केंद्रीय मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीकडे जातो. पहिले अभ्यासाच्या अटी मिळतात, मग दहा किलोमीटरच्या परिघातली हवा, पाणी, माती, आवाज यांची पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी होते, मग मसुदा अहवाल, मग जनसुनावणी. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, निदान तीस दिवस आधी पेपरात नोटीस यावी लागते, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालचा नाही असा अधिकारी अध्यक्ष असतो, सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग होतं. कोरमची अट नाही, म्हणजे चार माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरतात. म्हणून जाच. अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे, तो ग्रामपंचायतीत किंवा जिल्हा परिषदेत ठेवलेला असतो, आधी जाऊन वाचा.

वाचताना सगळी पानं वाचायची गरज नाही. वाऱ्याच्या दिशेचं चित्र बघा आणि त्यावर आपलं गाव आणि राखेचा तलाव कुठे येतो ते पेन्सिलीने खूण करा. हवेची मोजणी कुठल्या गावात केली ते बघा, सगळे पॉइंट वाऱ्याच्या उलट्या बाजूला असतील तर तो मुद्दा लेखी द्या. मग राख कोण नेणार, कोणत्या सिमेंट कंपनीशी करार आहे की नुसतं पत्र आहे. आसपासच्या जुन्या प्लांटचा धूर धरून हिशोब केलाय की फक्त नव्याचा, हे पण विचारा, कोराडी-खापरखेड्यासारख्या ठिकाणी तर हाच मुख्य प्रश्न आहे. तोंडी बोललात तरी लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या, कारण अंतिम अहवालात प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं.

धुराच्या मर्यादा ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत आहेत. १ जानेवारी २०१७ नंतर बसवलेल्या संचांना धूलिकण ३० मिलीग्रॅम आणि सल्फर डायऑक्साइड १०० मिलीग्रॅम प्रति घनमीटर. सल्फरसाठी एफजीडी, म्हणजे धुरातला सल्फर काढणारी यंत्रणा, लागतो, पण जुलै २०२५ च्या अधिसूचनेने शहरांपासून लांबच्या बहुतेक प्लांटना त्यातून सूट दिली, दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आतल्यांना मात्र डिसेंबर २०२७ पर्यंत मुदत आहे. माझं म्हणणं असं की नवीन प्लांट असेल तर सूट असो नसो, एफजीडीची जागा, डक्टची मांडणी आणि फाउंडेशन लेआउटमध्ये ठेवाच. नंतर घुसवायला गेलं की चालू संच बंद ठेवून काम करावं लागतं आणि खर्च कितीतरी वाढतो.

राख

याला मी वेगळा मथळा देतोय कारण बहुतेक प्लॅनिंगमध्ये राख शेवटच्या पानावर असते. ८० टक्के राख धुराबरोबर उडते आणि ईएसपीत पकडली जाते, ती कोरडी सायलोत घेता येते आणि सिमेंटवाले, विटावाले नेतात. उरलेली बॉयलरच्या तळाशी पडते, ती पाण्यातून वाहून तलावात जाते. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने शंभर टक्के राख वापरणं बंधनकारक केलंय, तीन वर्षांच्या चक्रात हिशोब धरून. कागदावर ते होतं पण पावसाळ्यात बांधकामं थांबतात, सिमेंटची मागणी घटते, ट्रक कमी येतात आणि राख मात्र रोज तेवढीच निघते. म्हणून तलाव लागतोच आणि त्याचा बंधारा धरणाएवढ्याच काळजीने बांधायला लागतो. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत कोराडीच्या खसाळा तलावाचा बंधारा फुटला, राखेचा चिखल शेतात, वस्तीत आणि नदीत गेला.

तर बंधाऱ्याच्या बाबतीत काय काय बघायचं? तळाला अस्तर आहे का, आतलं झिरपणारं पाणी बाहेर काढायला फिल्टर आणि टो ड्रेन म्हणजे पायथ्याची नाली आहे का, वरचं पाणी उपसून परत प्लांटमध्ये आणायची लाइन चालू आहे का, फ्रीबोर्ड म्हणजे राखेच्या पातळीच्या वर मोकळी उंची किती आहे, उंची वाढवताना जुन्या ओल्या राखेवरच नवा बंधारा चढवलाय का आणि तसा चढवला तर त्याचं स्थिरतेचं गणित कोणी तपासलं. झिरपलेलं पाणी गढूळ दिसायला लागलं की आतली माती वाहतेय असं समजा आणि त्याच दिवशी वर कळवा. मातीच्या प्रत्येक थराची दबाई मोजली गेली पाहिजे, रोलर फिरला म्हणजे झालं असं नाही. मी तर म्हणेन साइटवरचा सगळ्यात चांगला सिव्हिल इंजिनीअर बंधाऱ्यावर ठेवा.

करार आणि पैसे

यावर थोडक्यात. २००३ च्या वीज कायद्यात औष्णिक केंद्राला लायसन्स लागत नाही, पण वीज विकायचा करार लागतो, कलम ६२ खाली वीज नियामक आयोग दर ठरवतो किंवा कलम ६३ खाली बोली लागते. करार नसेल तर बँक दारात उभं करत नाही आणि करू पण नये. साधारण ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भांडवल असतं. समजा प्रकल्प बारा हजार कोटींचा, कर्ज ८,४०० कोटी, व्याज नऊ टक्के, तर पूर्ण कर्ज उचलल्यावर उशीर झालेल्या एकेका दिवसाचं व्याज दोन कोटींच्या वर जातं, आणि ते शेवटी तुमच्या-आमच्या वीजबिलात येतं. आणि दिवसा सोलरची वीज भरपूर असते म्हणून आता संच ४० टक्के लोडपर्यंत खाली आणता आला पाहिजे, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे नियम आहेत, तर बॉयलरची ऑर्डर देताना ही अट स्पेसिफिकेशनमध्ये टाका.

साइट चालू झाल्यावर

आता पोरांनो तुमचा भाग. ऑर्डर निघते त्या दिवसाला झीरो डेट म्हणतात, तिथून पहिला संच साधारण चार ते साडेचार वर्षांत आणि दुसरा त्यानंतर सहा महिन्यांनी असं शेड्युल असतं. त्याच्याआधी चिमणीच्या उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचं ना हरकत, आणि मातीची तपासणी झालेली पाहिजे. बोअरहोलमध्ये पैसे वाचवू नका, विदर्भात काळी माती, खाली मुरूम, मग कठीण खडक, आणि शंभर मीटरवर चित्र बदलतं. पहिल्या पावसाळ्याआधी नाल्या आणि रस्ते झाले नाहीत तर चार महिने क्रेन चिखलात उभी राहते, हे कुठल्याही साइटवर विचारा.

सिव्हिलमध्ये तीन कामांवर जीव लावा. बॉयलरचं फाउंडेशन आणि त्यातले अँकर बोल्ट, कारण कॉलम काही मिलीमीटर सरकला तर वर नव्वद मीटरवर त्याचा फरक दिसतो. दुसरं चिमणी, ती स्लिपफॉर्मने म्हणजे वर सरकत जाणाऱ्या साच्याने दिवसरात्र न थांबता चढते, त्यामुळे काँक्रीटचा प्लांट, डिझेल, लाइट आणि माणसांच्या पाळ्या अशा लावा की मध्ये खंड पडणार नाही. तिसरं टर्बाइनचा डेक, त्याचं काँक्रीट एकाच सलग ओतात पूर्ण करतात, जॉइंट चालत नाही, म्हणून दोन बॅचिंग प्लांट आणि जास्तीचा पंप उभा ठेवतात, बर्फ घालून काँक्रीटचं तापमान खाली ठेवतात आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात हे काम रात्री चालू करणं शहाणपणाचं.

बॉयलर हा खालून वर बांधत जायचा प्रकार नाही. आधी स्टीलचा सांगाडा, त्यावर सीलिंग गर्डर आणि मग पूर्ण बॉयलर त्या गर्डरला टांगलेला, झुंबरासारखा. कारण तापला की तो खाली वाढतो, वीतभर तरी, आणि खाली टेकवला असता तर ट्यूब वाकल्या असत्या. म्हणून सीलिंग गर्डर चढल्याशिवाय प्रेशर पार्टला म्हणजे दाबाच्या ट्यूब-पाइपांना हात लागत नाही आणि शेड्युलमध्ये हा दिवस महत्त्वाचा. ६६० चा संच सुपरक्रिटिकल असतो, दाब २२१ बारच्या वर, तिथे पाणी आणि वाफ वेगळी राहत नाही म्हणून यात ती वेगळी करणारा ड्रम नसतो. पण हजारो वेल्डिंग जॉइंट असतात आणि मी म्हणेन सगळा बॉयलर या जॉइंटवर उभा आहे. वेल्डर बॉयलर रेग्युलेशनप्रमाणे परीक्षा पास झालेला पाहिजे, प्रत्येक जॉइंटला नंबर, कोणी केला, कुठला रॉड, रेडिओग्राफी म्हणजे जॉइंटचा एक्स-रे झाला का, दुरुस्ती झाली का, हे रजिस्टर रोज संध्याकाळी भरलं पाहिजे. पी-९१ सारख्या जास्त तापमानाच्या मिश्र स्टीलला आधी तापवणं, वेल्डिंगनंतर ठरावीक तापमानाला धरून ठेवणं, हळूहळू थंड करणं, यात घाई केली तर जॉइंट आज चांगला दिसतो आणि दोन-चार वर्षांनी तडकतो. रॉड ओव्हनमध्ये तापवून घेतलेत का हे स्वतः हात लावून बघा. मग डिझाइन दाबाच्या दीडपट दाबाने पाण्याची हायड्रो टेस्ट, बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकासमोर. पाणी शुद्ध डीएमचंच, म्हणजे क्षार काढलेलं, वापरायचं, म्हणजे हायड्रोच्या आधी डीएम प्लांट तयार हवा, ही साखळी लक्षात ठेवा.

माणसांबद्दल. २३ सप्टेंबर २००९ ला छत्तीसगडमधल्या कोरब्यात बाल्कोच्या प्लांटची बांधकाम चालू असलेली चिमणी कोसळली आणि चाळीसच्या वर कामगार गेले. १ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर प्रदेशात उंचाहारला नव्या ५०० मेगावॅटच्या संचात स्फोट झाला, तिथे पण चाळीसच्या वर. बिहार, झारखंड, ओडिशा, छत्तीसगडहून आलेली पोरं असतात, बऱ्याच जणांना उंचीवरच्या कामाचा अनुभव नसतो. पहिल्या दिवशी उंचीवर चढवण्याआधी मेडिकल, परांचीला तपासणीचा हिरवा टॅग नसेल तर कोणी चढायचं नाही, हार्नेस नुसता घातलेला नाही तर लाइफलाइनला अडकवलेला, एकाच्या डोक्यावर दुसरं काम चालू नाही, आणि नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी बारा ते चार बॉयलरच्या आत कोणाला पाठवायचं नाही. बांधकाम कामगार म्हणून त्यांची नोंदणी करून घ्या, बांधकामखर्चाच्या एक टक्का उपकर त्यांच्याच कल्याणासाठी भरला जातो, पण नोंदणी नसेल तर त्याचा फायदा त्यांना मिळत नाही. लेबर कॉलनीत संडास, पिण्याचं पाणी आणि पंखा आहे का हे साइट इंजिनीअरने आठवड्यातून एकदा जाऊन बघावं, ते एचआरचं काम म्हणून सोडू नये. आणि सेफ्टीवाल्याने काम थांबवलं तर शेड्युलच्या मीटिंगमध्ये त्याच्यावर ओरडू नका, त्याच्या बाजूने उभे रहा.

चालू करताना

क्रम असा असतो. स्विचयार्ड आधी तयार करून ग्रिडमधून उलटी वीज आत घेतात, त्याला बॅकचार्जिंग म्हणतात, त्याच्यावर पंप-पंखे फिरवून बघतात. मग बॉयलर लाइट-अप म्हणजे पहिली पेटवणी तेलावर, मग केमिकल क्लीनिंग, मग स्टीम ब्लोइंग, म्हणजे पाइपमधला वेल्डिंगचा कचरा, गंज, खडे जोराच्या वाफेने बाहेर फेकायचा. वाफेसमोर चकचकीत धातूची पट्टी धरतात आणि तिच्यावर खड्ड्यांचे डाग यायचे थांबेपर्यंत हे चालतं. इथे घाई करू नका, एक खडा टर्बाइनच्या पात्यात गेला तर काही महिने गेले. याचा आवाज प्रचंड असतो, लहान मुलं आणि जनावरं घाबरतात, तेव्हा आधी आसपासच्या गावांत दवंडी द्या, शाळेत आणि ग्रामपंचायतीत कळवा, सायलेन्सर लावा आणि रात्री करू नका. टर्बाइनकडे तेल फ्लशिंग कितीतरी आठवडे चालतं, तेल स्वच्छ झाल्याचा रिपोर्ट आल्याशिवाय बेअरिंग जोडायचं नाही. मग टर्बाइन ३,००० फेऱ्यांवर नेतात, व्हायब्रेशन बघतात, सेफ्टी व्हॉल्व्ह प्रत्यक्ष उचलून तपासतात, आणि सिंक्रोनायझेशन, म्हणजे संच ग्रिडला जोडणं.

सिंक्रोनायझेशन झालं की पेढे वाटतात, पेपरात फोटो येतो, पण व्यावसायिक उत्पादनाची तारीख त्यानंतर सलग ७२ तास पूर्ण लोडची ट्रायल रन झाल्यावर लागते. या ७२ तासांत कोळसा हाताळणी, राख हाताळणी, कूलिंग टॉवर सगळं खरंखुरं लोडवर चालतं का ते दिसतं, आणि बऱ्याच ठिकाणी बॉयलर-टर्बाइन तयार असतात पण कन्व्हेअर नाहीतर राखेची लाइन रडत असते. त्याच्याआधी प्रदूषण मंडळाची चालवण्याची संमती हातात पाहिजे आणि चिमणीवरचे ऑनलाइन मीटर मंडळाच्या सर्व्हरला जोडलेले पाहिजेत.

मग परफॉर्मन्स गॅरंटी टेस्ट. कोळसा किती लागतो, प्लांट स्वतः किती वीज खातो, धूर किती, हे पुरवठादाराने लिहून दिलेल्या आकड्यांशी ताडून बघायचं आणि कमी पडलं तर दंड कापायचा. ठेकेदार ही टेस्ट पुढे ढकलायला बघतात, वॉरंटी संपायच्या आत ती उरकून घ्या. गावाने त्या वेळी पर्यावरण मंजुरीच्या अटींची प्रत काढावी, ती मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर असते, आणि दर सहा महिन्यांनी प्रकल्पाने अटी पाळल्याचा जो अहवाल द्यायचा असतो तो मागवून अट क्रमांकाप्रमाणे तपासावा. हरित पट्टा किती एकरांत सांगितला आणि किती लागला, विहिरींच्या पाण्याची तपासणी कुठल्या महिन्यात झाली, राखेचे ट्रक ताडपत्रीने झाकले जातात का, हे गावातली दोन शिकलेली पोरं पण करू शकतात. ग्रामसभेत ठराव करून प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवा, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, आणि पोच फाइलला लावून ठेवा.